खडी किती ब्रास लागेल? दोनदा कमी पडल्यावर जमलेला हिशेब

फाटकापासून दारापर्यंतच्या वाटेवर पावसाळ्यात चिखल व्हायचा. दोनदा अंदाजाने खडी टाकली, दोन्ही वेळा कमी पडली आणि मातीत रुतली. अगदी वैताग आला होता.

यंदा आधी चिखल खरवडला, मुरूम पसरून पाणी मारलं आणि धुमसाने चोपला. मग मापं घेतली: 30 × 12 = 360 चौरस फूट. थर 3 इंचांचा, म्हणजे पाव फूट. 360 × 0.25 = 90 घनफूट. खडी दबते म्हणून पाचवा हिस्सा वाढवला: 108. ब्रास म्हणजे 100 घनफूट, म्हणून 20 एमएमची 1.1 ब्रास सांगितली.

ट्रॉली रिकामी करण्याआधी खडी सपाट करून घ्या. आतली लांबी × रुंदी × खडीची उंची, सगळं फुटांत, भागिले 100, की आलेली खडी किती ब्रास आहे ते कळतं. हे मोजणं मी आधी कधीच केलं नव्हतं. यावेळी खडी पुरली, चार घमेली उरलीही.