चित्रकाराने स्वतःची वेबसाइट कशी सांभाळावी : चित्रवहीपासून पडद्यापर्यंत

मेणवलीच्या घाटावर सकाळी सातला जो प्रकाश असतो, तो साडेआठला राहत नाही. पायऱ्यांवरच्या सावल्या आखूड होतात, कृष्णेच्या पाण्यावरची चमक पांढुरकी होते आणि हातातला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, आठवणीतल्या टोनवर संपवावा लागतो. मी जलरंगात काम करतो, साताऱ्यात राहतो आणि आठवड्यातून दोनदा तरी वाई-मेणवलीला स्पॉटवर जातो. गेली नऊ वर्षं माझी वेबसाइटही मीच सांभाळतो. या दोन्ही कामांचं जमवताना बरंच चुकलो, बरंच शिकलो. ज्यांना हे करायचं आहे, त्यांच्यासाठी ते क्रमाने सांगतो.

आधी एक अट. सकाळचा उजेड वेबसाइटला द्यायचा नाही. घरात काम करणाऱ्यांनाही हे लागू आहे. वेबसाइटचं काम दिवा लावल्यावर होतं, रंगांचं होत नाही. वेबसाइट हे वेगळं ओझं म्हणून उरावर घेतलं, की ती सहा महिन्यांत थांबते. कितीतरी चांगल्या चित्रकारांच्या वेबसाइटवर शेवटचं चित्र चार-पाच वर्षांपूर्वीचं दिसतं, ते यामुळेच. हे काम ब्रश धुण्यासारखं चित्राच्या कामातच मिसळायला हवं. त्याची सुरुवात संगणकावर होत नाही, वहीत होते.

पहिली पायरी : चित्रवही

दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, आडव्या रेघांची साधी वही घ्या. चित्र पूर्ण झालं की त्याच दिवशी एक ओळ लिहा : क्रमांक, नाव, जागा, तारीख, माप, कागद, आणि चित्र आता कुठे आहे. क्रमांकात साल आधी आणि त्या वर्षातलं कितवं चित्र ते नंतर, म्हणजे २०२४-०१७. हाच क्रमांक चित्राच्या मागे पेन्सिलीने लिहायचा. बॉलपेनने नको, दाब पुढच्या बाजूला उमटतो.

माप सेंटिमीटरमध्येही लिहा. आपण आपसांत फुल, हाफ, क्वार्टर असं बोलतो, पण घेणाऱ्याला ते कळत नाही. फुल इम्पिरियल कागद २२ बाय ३० इंच, म्हणजे साधारण ५६ बाय ७६ सेंटिमीटर. क्वार्टर ११ बाय १५ इंच. भिंतीवर फ्रेम मावेल का हे बघणाऱ्याला आकडाच लागतो. उंची आधी लिहायची की रुंदी, हे एकदा ठरवा आणि मोडू नका. मी उंची आधी लिहितो.

प्रदर्शनाचा अर्ज भरताना, कुरिअरने चित्र पाठवताना, कुणी फोनवर विचारल्यावर, सगळीकडे ही एक ओळच लागते. वेबसाइट म्हणजे या वहीचा लोकांना दिसणारा भाग. वही नसेल, तर वेबसाइट भरताना दर वेळी चित्र उलटंपालटं करून मापं घेत बसावं लागतं, आणि मग कंटाळा येणारच.

दुसरी पायरी : चित्राचा फोटो

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

जलरंग सुकले की फिके होतात, हे आपल्याला ठाऊक असतं, तरी ओल्या चित्राचा फोटो काढायचा मोह होतोच. दुसऱ्या दिवशी काढा. पण कागद बोर्डाला चिकटवलेली टेप सोडवण्याआधी काढा, कारण तोवर कागद ताणलेला आणि सपाट असतो. टेप सोडवली की ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) जाड कागदही थोडा वाकतो आणि फोटोत चित्राच्या कडा कमानीसारख्या दिसतात. काच लावल्यानंतर फोटो काढायचा विचारच नको. खिडकी, ट्यूबलाइट आणि आपण स्वतः, सगळे त्यात दिसतो.

उजेड खिडकीतला घ्या, उन्हाचा नको. उत्तरेची खिडकी असेल तर उत्तम. नसेल तर दहा-साडेदहाला सावलीतल्या ओट्यावर बोर्ड भिंतीला टेकवा. पावसाळ्यातलं ढगाळ आकाश या कामाला फार चांगलं, सगळीकडून सारखा उजेड येतो. खोलीतला दिवा मात्र बंद ठेवा. खिडकीचा निळसर आणि बल्बचा पिवळसर उजेड एकत्र आला, की चित्राची एक बाजू थंड आणि दुसरी गरम दिसते. हे नंतर कुठल्याही ॲपने नीट होत नाही.

कॅमेरा चित्राच्या बरोबर मध्यावर, चित्राला समांतर. बोर्ड भिंतीला तिरका टेकलेला असेल तर फोनही तेवढाच तिरका धरा. चित्राच्या चारी कडा फोनच्या पडद्याच्या कडांना समांतर दिसल्या की जमलं. फोन जवळ नेऊ नका. दीड-दोन मीटर मागे जा आणि दोन पट झूम करा. जवळून काढलेल्या फोटोत सरळ कडा बाहेर फुगतात.

आता जलरंगाची खास अडचण. आपल्या चित्रात कोरा कागद पुष्कळ असतो आणि कॅमेऱ्याला एवढा पांढरा रंग दिसला की तो सगळंच काळवंडून टाकतो. कागद राखाडी येतो, आभाळ मळकं दिसतं. फोनच्या पडद्यावर चित्राला बोट लावून, बाजूला सूर्याचं चिन्ह येतं ते थोडं वर सरकवा. कागद पांढरा दिसेल इतपतच. फिकट वॉश उडून जाईल इतकं वर नेऊ नका. आपोआप फोटो खुलवणारी सोय असेल तर ती बंद ठेवा. ती हिरवा आणखी हिरवा करते, आणि चित्र घरी आल्यावर घेणारा म्हणतो, हे फोटोतलं नाही.

काही रंग कॅमेऱ्याला पकडताच येत नाहीत. ऑपेरा रोझसारखे चमकणारे गुलाबी फोटोत निस्तेज दिसतात. तिथे चित्राखाली एक वाक्य लिहून टाका, की प्रत्यक्षातला गुलाबी याहून उजळ आहे. अल्ट्रामरीन या निळ्या रंगाचे कण कागदाच्या खड्ड्यांत बसून जो दाणेदारपणा येतो, तोही समोरच्या उजेडात दिसत नाही. त्यासाठी खिडकी एका बाजूला ठेवून, चित्राच्या एखाद्या तळहाताएवढ्या भागाचा जवळून दुसरा फोटो काढा. माझ्याकडे आलेल्या चौकशींत असा जवळचा फोटो पाहून आलेल्या बऱ्याच असतात. कागदाचा पोत दिसला की पाहणाऱ्याला चित्र हाताशी आल्यासारखं वाटतं.

तिसरी पायरी : फाइल

मूळ फोटो जसाच्या तसा जपून ठेवा. वेबसाइटसाठी त्याची वेगळी प्रत करा : कडा नीट कापलेली, रंगांसाठी एसआरजीबी प्रोफाइल (वेबसाइटसाठी नेहमी वापरतात ती रंगांची मांडणी), लांब बाजू १६०० पिक्सेल, जेपीईजी, वजन तीनशे-चारशे केबीच्या आत. १६०० पिक्सेल पडद्यावर भरपूर होतात, पण ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, छापायला गेलं तर जेमतेम सव्वापाच इंच मिळतात. कुणी न विचारता प्रत उतरवली, तरी त्यातून भिंतीवर लावण्याजोगी छपाई होत नाही. चित्रावर आडवं स्वतःचं नाव टाकायची पद्धत मला पटत नाही. चोरणाऱ्याला त्याने फारशी अडचण होत नाही आणि पाहणाऱ्याचं चित्र मात्र बिघडतं.

फाइलचं नाव वहीतल्या क्रमांकानेच सुरू करा. ते रोमन लिपीत, मध्ये रिकामी जागा न सोडता, आडव्या रेघा टाकून लिहा. फाइलचं नाव देवनागरीत ठेवलं, तर तिचा पत्ता दुसरीकडे चिकटवताना बऱ्याचदा टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते.

आणि एक काळजी. फोनमध्ये लोकेशन चालू असेल, तर फोटोच्या आत काढलेल्या जागेचे अक्षांश-रेखांश साठवले जातात. चित्रं घरी असतात, म्हणजे तो घराचाच पत्ता झाला. प्रत करताना ही माहिती काढून टाका.

चौथी पायरी : नाव आणि जागा

वेबसाइट तयार साधनांवर बनवा किंवा कुणाकडून बनवून घ्या, पण डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या हाताने घ्या. माझं पहिलं डोमेन वेबसाइट बनवून देणाऱ्याने त्याच्या खात्यावर घेतलं होतं. पुढे त्याने तो व्यवसाय सोडला, फोन लागेना, मुदत संपली. चार वर्षं माझ्या कार्डावर छापलेला पत्ता एका सकाळी उघडेनासा झाला. कार्डं फेकावी लागली, याचं तितकं वाईट वाटलं नाही. ज्यांनी पूर्वी चित्रं घेतली होती त्यांना मला शोधायची वाटच उरली नाही, ते आजही लागून राहिलंय.

मुदतीची तारीख चित्रवहीच्या पहिल्या पानावर लिहा. जमलं तर तीन वर्षांचे पैसे एकदम भरा. पहिल्या वर्षी स्वस्तात मिळतं आणि नूतनीकरणाला दर चढतो, तेव्हा घेतानाच दुसऱ्या वर्षाचा दर पाहून घ्या. मुदत संपल्यावर डोमेन लगेच दुसऱ्याकडे जात नाही, काही दिवसांची सवलत असते. पण शेवटच्या टप्प्यात ते सोडवून घ्यायला मूळ दराच्या कितीतरी पट मोजावे लागतात. देवनागरीत .भारत असंही डोमेन मिळतं. ते जोडीला घ्यायला हरकत नाही, पण फोनवरून सांगायला सोपं असं रोमन लिपीतलं एक हवंच.

पाचवी पायरी : पानं आणि मजकूर

चार पानं पुरतात : चित्रं, ओळख, प्रदर्शनं, संपर्क. चित्रांच्या पानावर तीस ते चाळीस चित्रं, त्याहून जास्त नकोत. निवडताना जीव कासावीस होतो, पण शंभर चित्रांत चांगली वीस हरवतात.

मराठीत जरूर लिहा, आणि युनिकोडमध्येच, म्हणजे फोनवर मराठी टाइप होतं त्या पद्धतीने, लिहा. पूर्वी डीटीपीवाल्यांकडून आलेला मजकूर जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर तो वेबसाइटवर रोमन अक्षरांचा गोंधळ होऊन दिसतो आणि शोधून सापडत नाही. आधी तो बदलून घ्या. ‘मुक्त’ किंवा ‘तिरो देवनागरी मराठी’ हे फॉन्ट मोफत मिळतात. पानाच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी निवडायला विसरू नका. काही फॉन्टमध्ये तेवढ्यानेच ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे होतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. शिवाय अंध व्यक्तींसाठी पडदा वाचून दाखवणारी साधनंही त्यावरूनच मराठी उच्चार निवडतात.

त्यांच्यासाठी वेबसाइटवर प्रत्येक चित्राच्या फोटोला जोडून वर्णनाची एक जागा असते. तिथे ‘चित्र १७’ लिहू नका. ‘घाटाच्या दगडी पायऱ्या, डावीकडे देवळाची सावली, पाण्याकाठी धुणं धुणाऱ्या दोन बायका’ असं लिहा. ज्याला चित्र दिसत नाही, त्याला तेवढं तरी मिळायला हवं.

ओळखीच्या पानावर पुरस्कारांची यादी थोडक्यात द्या. कुठे शिकलात, काय रंगवता, कुठल्या कागदावर, हे साध्या भाषेत सांगा. संपर्कासाठी चित्रांच्या कामापुरता वेगळा ईमेल ठेवा. घरचा नंबर नको.

सहावी पायरी : विक्री आणि हक्क

किंमत लिहावी की नाही, यावर चित्रकारांत मतभेद आहेत. मी लिहितो. विचारायला संकोचणारी माणसं पुष्कळ असतात आणि ती न विचारताच निघून जातात. चित्र विकलं गेलं, की गॅलरीत लावतात तशी लाल टिकली लावा. काढून टाकू नका, चांगलं चित्र विकल्यावरही ते तुमचंच काम असतं.

कायद्यानेही असतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र विकलं म्हणजे त्याचा कॉपीराइट विकला असं होत नाही. तो द्यायचा तर लेखी करार लागतो. चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं तो टिकतो. पण कमिशनवर केलेल्या चित्राचं उलटं आहे. कुणी पैसे देऊन चित्र काढून घेतलं आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक ते काढून घेणारा ठरतो. म्हणून कमिशन घेताना, कॉपीराइट माझ्याकडे राहील आणि चित्र वेबसाइटवर दाखवता येईल, या दोन ओळी लिहून दोघांच्या सह्या घ्या. समोरच्याने क्वचितच नाही म्हटलंय. व्यक्तिचित्र असेल तर मात्र कायदा काहीही सांगो, त्या माणसाला विचारल्याशिवाय लावू नका.

सातवी पायरी : आठवडा आणि वर्ष

बुधवारी संध्याकाळी एक तास. गुरुवारी आमच्याकडे देखभालीसाठी वीज जाते, म्हणून बुधवार. त्या तासात आठवड्याचे फोटो कापायचे, एखादं चित्र चढवायचं, आलेल्या ईमेलना उत्तरं द्यायची. चित्र झालं नसेल तर चढवायचं नाही. वेबसाइटसाठी चित्र काढायला लागलो, तेव्हाची माझी चित्रं कोरडी झाली होती. त्या चित्रांची पेटी मी अजून उघडत नाही.

महिन्यातून एकदा मूळ फोटोंची प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या आणि आणखी एक प्रत दुसऱ्या गावी, भावा-बहिणीच्या घरी ठेवा. वेबसाइटवर आहेत म्हणून फोटो सुरक्षित आहेत असं समजू नका, तिथे लहान प्रतीच असतात. चित्रवहीच्या पानांचेही फोटो काढून ठेवा.

मोठी साफसफाई जुलैत. स्पॉटवर जाता येत नाही आणि दमट हवेत कागदाला बुरशी धरते, म्हणून खोकी उघडावीच लागतात. सिलिका जेलच्या पुड्या बदलतो, चित्रामागचा क्रमांक वाचतो, वहीत खूण करतो आणि वेबसाइटवर त्याच्याखाली ‘उपलब्ध’ की ‘विकलं’ ते ताडून बघतो. दर वर्षी दोन-तीन चुका सापडतात. एकदा मित्राला भेट दिलेलं चित्र वर्षभर विक्रीला दिसत होतं. हे सगळं जुळेपर्यंत ऑगस्ट उजाडतो, पाऊस मधूनमधून उघडीप देऊ लागतो, आणि पुन्हा बोर्डावर कागद ताणायला घेतो.