पिकअपचे पाटे बदलले तेव्हा

कांदा भरून लासलगावला निघालं की माझी जुनी पिकअप डाव्या अंगाला बसायची, खड्ड्यात कडकड वाजायची. मागचे पाटे, म्हणजे वजन झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, उतरवले तर त्यांच्या टोकाच्या गोल डोळ्यातलं रबरी बुश (धक्के झेलणारी नळी) पार चिरलेलं. बोटानं तुकडे निघाले. बाजारातले नवे पाटे, बुश आणि पाटे एक्सलला (चाकांच्या आडव्या दांड्याला) आवळून धरणारे यू-बोल्ट दोन्ही बाजूंना घातले. एकाच बाजूला घालू नका, गाडी तिरकी राहते. पाट्याच्या पट्ट्या मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या भोकात बसलंय ना, हे टॉर्च लावून पाहिलं.

खरी गोम पुढेच होती. गाडी जॅकवर असतानाच मी बुशचे बोल्ट आवळले. चाकं टेकल्यावर रबर पिळलं गेलं, महिन्यात पुन्हा चिरलं. दुसऱ्या वेळी चाकांवर वजन आल्यावरच आवळले. 100 किलोमीटरनंतर पाना लावला, तर यू-बोल्टचे नट अजून अर्धा फेरा फिरले.