पहिला एसे लिहिताय? मग कोटेशनचं आधी बघा (यूकेत मास्टर्सला आलेल्यांसाठी)

बँक अकाउंट, सिम, तूरडाळ कुठे मिळते, हे पहिल्या पंधरा दिवसांत ज्याचं त्याला कळतं, त्यात मी पडत नाही. मी लीड्सला बारा वर्षं आहे आणि दर नोव्हेंबरला नवीन पोरापोरींचे फोन येतात ते पहिल्या एसेचे.

माझा पहिला एसे परत आला तेव्हा जवळजवळ प्रत्येक कोटेशनशेजारी ट्यूटरने लिहिलं होतं, 'सो व्हॉट?' जाम राग आला होता, एवढी पुस्तकं वाचून वेचून काढलेली वाक्यं! पण आपल्याला शाळेपासून सवय काय, तर निबंधाच्या डोक्यावर सुविचार ठेवायचा आणि पुढे आपलं चालू. इथे तसं चालत नाही, कोट हा पुरावा असतो आणि तो कशाचा पुरावा ते तुम्हीच सांगायचं असतं.

उदाहरण देतो. 'भारतीय लोकशाहीत विषमता आहे' असं लिहून पूर्णविराम, मग आंबेडकरांचं अख्खं वाक्य, मग पुढचा पॅराग्राफ, हे झालं लटकतं कोटेशन. त्यापेक्षा असं लिहा: २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बोलताना आंबेडकर इशारा देतात की २६ जानेवारी १९५० पासून आपण 'विसंगतींच्या जीवनात' पाऊल टाकतोय, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, म्हणजे मताचा अधिकार मिळाल्याने प्रश्न सुटला असं ते मानत नाहीत. बघा, कोटचे शब्द दोनच, पण कोण, कधी, कुठे बोललं ते आलं आणि शेवटी त्यातून काय निघतं तेही आलं. (कोट मराठी पुस्तकातून घेऊन इंग्रजी तुम्ही केलं असेल तर भाषांतर माझं असं तिथेच लिहायचं, आपली पोरं हे हमखास विसरतात.)

संदर्भ द्यायची स्टाइल (हार्वर्ड, एपीए, ऑस्कोला वगैरे) कुठली ते डिपार्टमेंटच्या हँडबुकात बघा, सीनियरला विचारू नका, कारण हार्वर्डचं एकच ठरलेलं रूप नाही, प्रत्येक युनिव्हर्सिटीचं थोडं वेगळं. लॉवाल्यांना बहुतेक ऑस्कोला, म्हणजे संदर्भ पानाखाली फुटनोट्समध्ये. एपीए असेल तर ४० किंवा जास्त शब्दांचं कोट वेगळ्या ब्लॉकमध्ये, आत सरकवून, अवतरणचिन्हं न लावता. पण एवढं लांब कोट खरंच लागतंय का ते आधी स्वतःला विचारा, मला तरी क्वचितच लागलं.

स्वतःच्या शब्दांत सांगितलं तरी सोर्स द्यावाच लागतो. चार शब्द बदलले म्हणजे वाक्य आपलं होत नाही. आणि टर्नइटिनचा (एसे दुसऱ्या मजकुराशी किती जुळतो ते तपासणारं सॉफ्टवेअर) टक्का बघून रात्री दोनला मेसेज करू नका प्लीज, तो फक्त जुळणारा मजकूर दाखवतो, त्यात तुमची नीट दिलेली कोट्स आणि संदर्भयादीपण येऊ शकते. टक्का कमी म्हणजे सगळं ठीक असंही नाही.

झोटेरो (संदर्भ साठवून त्यांची यादी बनवून देणारं सॉफ्टवेअर) फुकट आहे, आजच टाका. आणि नोट्स काढतानाच पान नंबर लिहा, कारण डेडलाइनच्या आदल्या रात्री नेमकं तेच पुस्तक दुसऱ्या कोणीतरी लायब्ररीतून नेलेलं असतं.