रीफ टँक : मासे ओळखताना आणि सांभाळताना या चुका टाळा

मासा आवडला म्हणून आधी घेतला आणि तो नेमका कोणता हे नंतर शोधलं, इथूनच रीफ टँकमधली (म्हणजे जिवंत प्रवाळ असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधली) बरीच दुखणी सुरू होतात.

रंगावर जाऊ नका. एम्परर एंजलफिशचं पिल्लू गर्द निळं असतं आणि अंगावर पांढरी वलयं असतात. मोठेपणी त्याच माशाच्या अंगावर पिवळे पट्टे येतात. चार बोटांचं हे पिल्लू पुढे 40 सेंटिमीटरपर्यंत वाढतं आणि प्रवाळ कुरतडतं.

क्लीनर रॅस घेताना तर डोळ्यात तेल घालून बघा. हा मासा इतर माशांच्या अंगावरचे परजीवी टिपतो. हुबेहूब त्याच्यासारखी दिसणारी एक ब्लेनी (हाही मासाच) मात्र माशांच्या पंखांचे तुकडे तोडते. फरक तोंडात आहे: रॅसचं तोंड अगदी पुढच्या टोकाला, ब्लेनीचं खालच्या बाजूला. खरं सांगायचं तर अस्सल क्लीनर रॅसही घेऊ नये. टँकमध्ये त्याला पुरेसे परजीवी मिळत नाहीत आणि तो बहुधा उपाशी मरतो. मँडरिन माशाचंही तेच. नव्या टँकमध्ये त्याला कोपेपॉड, म्हणजे त्याचं खाद्य असलेले अगदी बारीक कवचधारी जीव, पुरत नाहीत.

माशांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके (हा परजीवीचा रोग) दिसले की घाबरून मुख्य टँकमध्ये तांब्याचं औषध ओतू नका! त्याने कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ मरतात, शिवाय खडक तांबं शोषून घेतात. सगळे मासे क्वारंटाइन टँकमध्ये, म्हणजे वेगळ्या टँकमध्ये, हलवून तिथे उपचार करा आणि मुख्य टँक सुमारे अडीच महिने माशांविना ठेवा, म्हणजे तिथले परजीवी मासे न मिळाल्याने मरतील.

पाणी कमी झालं तर भर RO (क्षार गाळून काढलेल्या) पाण्याचीच घाला. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहतं. खाऱ्या पाण्याची भर घालत राहिलात तर 1.025 ची सापेक्ष घनता (पाण्याच्या खारटपणाचं माप) चढत जाते आणि आधी कोळंबी दगावते. तळाशी कोळंबीचं पारदर्शक कवच दिसलं तर मात्र आधी टँक नीट शोधा, बहुतेकदा तिने नुसती कात टाकलेली असते.

खडकावर एपटेशिया (तणासारखा पसरणारा समुद्रफूल जातीचा जीव) उगवला तर तो खरवडू नका, उरलेल्या बारीक तुकड्यातूनही तो पुन्हा वाढतो. त्यासाठी तो खाणारी पेपरमिंट कोळंबी आणा. पण पाठीला कुबड आणि लाल अंगावर ठळक पांढऱ्या रेघा असतील, तर ती कॅमल कोळंबी. ती प्रवाळ खाते, परत करा.