स्लो-पिच सॉफ्टबॉल लीगमध्ये पहिल्यांदा उतरताय? आधी हाउस रूल्स वाचा

अमेरिकेत आल्यावर ऑफिसच्या नाहीतर गावातल्या पार्क डिपार्टमेंटच्या स्लो-पिच सॉफ्टबॉल (बेसबॉलसारखा खेळ, पण बॉल खालून, हळू आणि उंच टाकायचा) लीगमध्ये आपली बरीच मंडळी खेळायला लागतात. मुख्य रूलबुक बहुतेक यूएसए सॉफ्टबॉल किंवा यूएसएसएसए (USSSA) या संघटनांचं असतं, पण त्यावर लीगचं स्वतःचं एक-दोन पानांचं पत्रक असतं आणि दोन्हींत फरक असेल तर चालतं ते पत्रकच. गल्ली क्रिकेटमध्ये जोशींच्या गच्चीत बॉल गेला की आऊट, तसंच हे, फक्त इथे लिहिलेलं असतं आणि अंपायर ते पाळायला लावतो.

सगळ्यात आधी काउंट बघा, म्हणजे बॅटरचे बॉल आणि स्ट्राइक किती झाले त्याचा हिशेब. इथे 'पिच' म्हणजे पिचरने टाकलेला चेंडू; नीट न पडलेला, न मारलेला पिच म्हणजे 'बॉल', आणि चांगला पिच सोडला किंवा हुकला की 'स्ट्राइक'. वेळ वाचवायला खूप लीगमध्ये बॅटर 1-1 वरून सुरू होतो, म्हणजे एक बॉल एक स्ट्राइक आधीच. आता स्लो-पिचमध्ये दोन स्ट्राइक झाल्यावर फाउल मारला (बॉल रेघांच्या बाहेर गेला) की आऊट, म्हणजे 1-1 वरून पहिलाच चांगला पिच सोडलात तर पुढचा फाउल गेला की परत डगआउटमध्ये. काही लीग एक जादा फाउल माफ करतात, त्याला कर्टसी फाउल म्हणतात, तो आहे का नाही हे माहीत नसताना बॅटिंगला जाऊच नका. पिचची उंचीही बघून ठेवा, साधारण किमान 6 फूट आणि कमाल 10 किंवा 12 फूट असते, आणि प्लेटच्या मागे मॅट टाकलेली असेल तर पिच मॅटवर पडला की स्ट्राइक, मग तो तुमच्या खांद्यावरून आला की गुडघ्यावरून याला काही अर्थ नाही.

होमरनचं आपल्या लोकांना पटतच नाही. कुंपणाबाहेर मारायला लिमिट असतं, मॅचला तीन म्हणा किंवा लीग ठरवेल तेवढे, त्यापुढचा बाहेर गेला की काही ठिकाणी सिंगल आणि काही ठिकाणी चक्क आऊट. काही लीगमध्ये 'वन-अप' असतं, म्हणजे समोरच्या टीमपेक्षा एकच होमरन जास्त चालतो. त्यामुळे कॅप्टनने दोन्ही टीमचे होमरन मोजत राहायचं आणि लिमिट संपलं की पुढच्या बॅटरला ओरडून सांगायचं, खाली मार.

को-एड, म्हणजे बायका-पुरुष एकत्र खेळतात ती लीग असेल तर बॅटिंग ऑर्डर बहुधा एक पुरुष एक बाई अशी लागते. पुरुषाला वॉक (चार बॉल झाल्यावर न मारता मिळणारा बेस) दिला की तो बऱ्याच लीगमध्ये थेट सेकंड बेसवर जातो, आणि दोन आऊट असतील तर पुढच्या बाईला बॅटिंग करायची की वॉक घ्यायचा हे बऱ्याच ठिकाणी तिनेच ठरवायचं असतं. हा नियम मला फार आवडतो, कारण तो नसेल तर पिचर मुद्दाम पुरुषांना वॉक देऊन बायकांनाच टार्गेट करतात. बायकांचा बॉलही बऱ्याचदा 11 इंची असतो, पुरुषांचा 12, तर पिचरच्या हातात बरोबर बॉल आहे ना ते बघा.

आता सेफ्टीचं, हे नीट वाचा. फर्स्ट बेस डबल, म्हणजे पांढरा आणि केशरी असे दोन बेस शेजारी-शेजारी असतील तर थ्रो येत असताना धावणाऱ्याने केशरी बेसवर पाय द्यायचा, पांढरा फील्डरचा. होम प्लेटच्या अलीकडे, साधारण 20 फुटांवर, बऱ्याच लीगमध्ये कमिटमेंट लाइन आखलेली असते, ती ओलांडली की मागे फिरता येत नाही आणि तुमचं होम ती प्लेट नाही, शेजारची दुसरी प्लेट किंवा रेघ असते. तुम्ही मूळ प्लेटवर पाय दिलात तर आऊट. कॅचरला तुम्हाला टॅग करावं (बॉल अंगाला लावावा) लागत नाही, बॉल हातात घेऊन प्लेटला पाय लावला की झालं. क्रिकेटची सवय असलेला माणूस क्रीजकडे डाइव्ह मारावी तसा तिथे घुसतो आणि कॅचरचा गुडघा जातो, म्हणून प्रॅक्टिसमध्ये ही धाव दोन-चारदा पळून बघाच.

इनिंगला पाच रनांची मर्यादा, तासाभराची टाइम लिमिट, मर्सी रूल (फार मोठी आघाडी झाली की मॅच लवकर संपवणं), कमी खेळाडू आले तर त्या नंबरवर ऑटोमॅटिक आऊट, हे पत्रकात दोन मिनिटांत सापडतं.

बॅट मात्र उधार घेऊ नका न बघता. तिच्यावर लीगला चालणारा शिक्का हवा, आणि ती बंदीच्या यादीत नको. चुकीची बॅट घेऊन बॉक्समध्ये उभे राहिलात तरी आऊट देतात, आणि बॉल लांब जावा म्हणून आतून घासलेली निघाली तर सस्पेन्शनपर्यंत जातं. शंका असेल तर मॅचआधी दोन्ही कॅप्टन प्लेटपाशी भेटतात तेव्हाच अंपायरला बॅट दाखवा.