एआयची नैतिकता संस्थेच्या वार्षिक आराखड्यात कशी बसवावी

बहुतेक संस्थांकडे आता एआयविषयी एक तत्त्वपत्रक असतं. त्यात न्याय, पारदर्शकता, उत्तरदायित्व असे सगळे शब्द असतात. वार्षिक आराखडा वेगळा बनतो आणि त्यात प्रकल्प, मुदती, खर्च आणि अपेक्षित नफा असतो. या दोन कागदांची गाठ पडत नाही, त्यामुळे पत्रकाचा कामावर काहीच परिणाम होत नाही. ती गाठ पाडायची तर आराखड्यातच तीन गोष्टी लिहाव्या लागतात: तपासणीसाठी वेगळा काढलेला पैसा, प्रकल्प थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे ते नाव, आणि फेरतपासणीची तारीख. खाली आहे ते या तिन्ही गोष्टी कशा ठरवायच्या त्याबद्दल.

आधी यादी

संस्थेत एआय कुठे कुठे चालतं याची नोंदवही नसेल तर पुढचं सगळं हवेत राहतं. प्रत्येक नोंदीत एवढं हवं: प्रणाली कोणता निर्णय घेते किंवा सुचवते, तो कोणाबद्दल असतो, डेटा कुठून येतो, चूक झाली तर कोणाचं काय नुकसान होतं, त्या व्यक्तीला ते कळतं का, शेवटची तपासणी कधी झाली आणि जबाबदार कोण. जबाबदार म्हणून माणसाचं नाव लिहा. ‘आयटी विभाग’ असं लिहिलं की जबाबदारी कोणाचीच उरत नाही.

विभागप्रमुखांना फॉर्म पाठवून ही यादी पूर्ण होत नाही. तीन ठिकाणी एआय हमखास सुटतं. एक, आधीच घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये अपडेटबरोबर आपोआप सुरू झालेली सुविधा. दोन, कर्मचारी स्वतःच्या खात्यावरून वापरत असलेले चॅटबॉट. तीन, ज्याला कोणी एआय म्हणतच नाही असं गुण देणारं साधं सूत्र. पहिल्यासाठी लेखा विभागाकडून वर्षभराची सॉफ्टवेअर बिलं मागवा आणि एकेका पुरवठादाराला विचारा. दुसऱ्यासाठी कर्मचाऱ्यांना आधीच स्पष्ट सांगा की खरं सांगितल्याबद्दल कारवाई होणार नाही, नाहीतर खरं उत्तर मिळणार नाही. तिसरा प्रकार हलक्यात घेऊ नका. ‘रोबोडेट’ या ऑस्ट्रेलियातल्या, सरकारी मदत घेतलेल्यांकडून थकबाकी वसूल करण्याच्या योजनेत डेटावरून स्वतः शिकणारं मॉडेल नव्हतं, वार्षिक उत्पन्नाची सरासरी पंधरवड्यांवर पसरवणारं गणित होतं. त्यातून लाखो लोकांवर चुकीची थकबाकी लादली गेली आणि प्रकरण शाही चौकशी आयोगापर्यंत गेलं.

मग प्रतवारी

तीन पातळ्या पुरतात. पाच-सात केल्या तर वर्गीकरणावरच महिने जातात. पातळी ठरवताना विचारायचं: नुकसान झालं तर ते परत भरून काढता येईल का, आणि त्या माणसाला दुसरा पर्याय आहे का? नोकरी, कर्ज, उपचार, प्रवेश, सरकारी लाभ आणि पाळत हे सगळं वरच्या पातळीत. ग्राहकांशी बोलणारा चॅटबॉट किंवा किंमत ठरवणारी प्रणाली मधल्या पातळीत. बैठकीचं टिपण काढणं, स्पॅम गाळणं खालच्या पातळीत.

इथे दोन गोष्टी चुकतात. प्रकल्पाचा मालक स्वतःच पातळी ठरवतो आणि सगळे प्रकल्प खालच्या पातळीत जाऊन बसतात. म्हणून पातळी प्रकल्पाबाहेरच्या व्यक्तीने ठरवावी. दुसरं, वापर हळूहळू सरकत जातो. अर्जांचा क्रम लावण्यासाठी आणलेलं साधन सहा महिन्यांनी तळाचे अर्ज परस्पर बाद करू लागतं, पण नोंदवहीत ते अजून ‘क्रम लावणारं’च असतं. वापर बदलला की पातळी पुन्हा ठरवायची, हा नियम लेखी असू द्या.

युरोपीय संघाचा एआय कायदाही अशाच थरांवर उभा आहे. तो १ ऑगस्ट २०२४ रोजी अंमलात आला आणि पूर्ण बंदी असलेल्या वापरांवरचे निर्बंध २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाले. त्या बंदीच्या उल्लंघनाला ३.५ कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ७ टक्के, यांपैकी जास्त असेल तेवढा दंड होऊ शकतो. संस्था युरोपबाहेरची असली तरी तिच्या प्रणालीचा निष्कर्ष तिथे वापरला जात असेल तर कायदा लागू होऊ शकतो. तयार चौकट हवी असेल तर अमेरिकेच्या ‘निस्ट’ या सरकारी मानक संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये काढलेली जोखीम-चौकट विनामूल्य आहे. प्रमाणपत्र हवं असेल तर आयएसओ ४२००१ हे मानक आहे. फक्त एवढं ध्यानात असू द्या की ते प्रमाणपत्र व्यवस्थापनाच्या पद्धतीला मिळतं. एखादं विशिष्ट मॉडेल न्याय्य आहे याची हमी त्यातून मिळत नाही.

मॉडेल नेमकं काय मोजतंय?

सर्वांत महागड्या चुका कोडमध्ये नसतात, नियोजनाच्या बैठकीत झालेल्या असतात. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत वापरल्या जाणाऱ्या एका प्रणालीचा अभ्यास आला. जास्त काळजीची गरज कोणाला आहे हे तिला सांगायचं होतं, पण ती भाकीत करत होती पुढच्या खर्चाचं. कृष्णवर्णीय रुग्णांवर तेवढ्याच आजारासाठी कमी खर्च होत होता, म्हणून प्रणालीला ते कमी आजारी ‘दिसले’. ही विषमता दूर केली असती तर अतिरिक्त मदत मिळणाऱ्यांत त्यांचं प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर गेलं असतं. प्रोग्रामरने काहीही चुकीचं लिहिलं नव्हतं. मोजायची गोष्टच चुकीची निवडली होती.

म्हणून प्रत्येक प्रकल्पप्रस्तावात तीन ओळी सक्तीच्या करा: आपल्याला काय जाणायचं आहे; प्रत्यक्षात आपण काय मोजतोय; आणि या दोहोंतल्या फटीत कोण अडकेल. तिसरी ओळ कोरी ठेवून आलेला प्रस्ताव परत पाठवायचा.

न्यायाची मोजपट्टी

‘भेदभाव होणार नाही’ हे वाक्य तपासता येत नाही, आकडा तपासता येतो. नोकरभरतीसाठी अमेरिकेत १९७८ पासून चार-पंचमांशाचा ढोबळ निकष वापरात आहे. समजा एका गटातले २०० अर्जदार, त्यांतले ६० निवडले, म्हणजे ३० टक्के. दुसऱ्या गटातले १५०, निवडले ३०, म्हणजे २० टक्के. २० भागिले ३० म्हणजे ०.६७. हे ०.८ (चार-पंचमांश) पेक्षा कमी आहे, तेव्हा थांबून कारण शोधायचं. हा आकडा भेदभावाचा पुरावा नाही, आणि ०.८ च्या वर असणं म्हणजे सुटकाही नाही.

गट लहान असेल तर टक्केवारी फसवते. २० जणांच्या गटात दोन चुका म्हणजे १० टक्के, आणि एकच चूक जास्त झाली की १५. याउलट ३०० चाचण्यांत एकही चूक सापडली नाही, तरी खरा चुकांचा दर सुमारे १ टक्क्यापर्यंत असू शकतो (३ भागिले ३००, हा सोपा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे). तेव्हा ‘चाचणीत काही आढळलं नाही’ असं कोणी म्हटलं की चाचण्या किती केल्या ते विचारा.

खरी अडचण पुढे येते. २०१६ मध्ये अमेरिकेत आरोपी पुन्हा गुन्हा करेल का हे सांगणाऱ्या ‘कॉम्पास’ प्रणालीवरून मोठा वाद झाला. पत्रकारांचं म्हणणं होतं की पुन्हा गुन्हा न केलेल्या कृष्णवर्णीयांना जास्त वेळा धोकादायक ठरवलं गेलं. कंपनीचं म्हणणं होतं की एकाच गुणांकाचा अर्थ दोन्ही गटांसाठी सारखाच आहे. दोन्ही दावे आकड्यांनी खरे असू शकतात. दोन गटांत पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचं मूळ प्रमाण वेगळं असेल आणि मॉडेल पूर्ण अचूक नसेल, तर हे दोन्ही प्रकारचे न्याय एकाच वेळी साधत नाहीत, हे गणिताने सिद्ध झालं आहे. मग कोणता न्याय निवडायचा हे डेटा-चमूवर सोडणं म्हणजे संचालकांनी आपलं काम टाळणं. निवड बैठकीत करा आणि कारणासकट इतिवृत्तात नोंदवा.

‘शेवटी माणूस बघेल’ याचा खर्च

हे वाक्य जवळपास प्रत्येक आराखड्यात असतं आणि त्यासाठी मनुष्यबळ जवळपास कुठेच धरलेलं नसतं. हिशोब करून पाहा. वर्षाला १,००,००० दावे येतात आणि त्यांतले १ टक्का, म्हणजे १,००० खोटे आहेत. प्रणाली खोट्यांपैकी ९० टक्के पकडते: ९००. खऱ्यांपैकी फक्त ५ टक्क्यांवर चुकून बोट ठेवते, पण खरे ९९,००० आहेत, म्हणजे ४,९५०. एकूण ५,८५० दावे संशयित ठरले आणि त्यांतले खरोखर खोटे १६ टक्क्यांहूनही कमी. प्रत्येकाला २० मिनिटं दिली तर १,९५० तास होतात, म्हणजे एका माणसाचं जवळजवळ पूर्ण वर्ष. हे पद अंदाजपत्रकात नसेल तर तपासणीला २० मिनिटांऐवजी ३० सेकंद मिळतील आणि जवळपास पाच हजार प्रामाणिक लोक संशयाच्या यादीत राहतील.

माणूस नेमला तरी तो प्रणालीच्या सुरात सूर मिसळू लागतो. ते ओळखायला दोन उपाय आहेत. तपासनिसाने प्रणालीचा निर्णय किती वेळा फिरवला ते दर महिन्याला मोजा. हा दर शून्याच्या आसपास राहिला तर तिथे फक्त शिक्का मारला जातोय. आणि अधूनमधून मुद्दाम चुकीचे निर्णय त्याच्यापुढे मिसळून ठेवा, किती पकडले जातात ते पाहा. तपासनिसाची कामगिरी निव्वळ वेगावर मोजली जात असेल तर दोन्ही उपाय वाया जातील.

थांबवण्याचा अधिकार

नियोजनाच्या वेळापत्रकात चार थांबे ठेवा: कल्पना मंजूर होताना, खरेदी किंवा बांधणीआधी, सुरू करण्याआधी, आणि नंतर वरच्या पातळीसाठी दर सहा महिन्यांनी. दुसऱ्या थांब्यावर सगळ्यांत कडक राहा, कारण पैसे गेल्यावर ‘आता एवढं केलंच आहे तर’ हा युक्तिवाद कोणीच मोडू शकत नाही.

थांबवण्याच्या अटी आधीच आकड्यांत लिहा: निवडीचं गुणोत्तर ०.८ च्या खाली गेलं, अपिलांत फिरलेले निर्णय ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले, तपासणीची तारीख ३० दिवसांनी उलटली. यातलं काहीही झालं की प्रणाली बंद होते आणि चालू ठेवायची असेल तर लेखी कारण द्यावं लागतं. सिद्ध करण्याचा भार असा उलटा ठेवला की अधिकार खरोखर वापरला जातो. तो ज्याच्या हाती आहे त्याचा बोनस प्रकल्प सुरू होण्यावर अवलंबून नसावा, आणि त्याला संचालक मंडळाशी थेट बोलता यावं. केवळ सल्ला देणाऱ्या समित्यांवर आमचा फारसा विश्वास नाही.

विकत घेतलेल्या प्रणाली

प्रणाली दुसऱ्याची असली तरी उत्तरदायित्व तुमचंच. २०२४ मध्ये कॅनडातल्या एका न्यायाधिकरणापुढे एअर कॅनडाच्या चॅटबॉटने प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिल्याचं प्रकरण आलं. चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतःच जबाबदार आहे, असा कंपनीचा बचाव असल्याचं न्यायाधिकरणाने नमूद केलं आणि तो फेटाळला. भरपाई किरकोळ होती, बचाव मात्र कायमचा लक्षात राहिला.

करारात किमान एवढं मागा: गटवार चाचणीचे निकाल, मॉडेल बदलण्याआधी ३० दिवसांची सूचना, तुमचा डेटा मॉडेलच्या प्रशिक्षणाला न वापरण्याची हमी, निर्णयांच्या नोंदी तुम्हाला मिळण्याचा हक्क, आणि बाहेर पडताना डेटा वापरण्याजोग्या स्वरूपात परत. सूचनेची अट सगळ्यांत जास्त वेळा सुटते. मॉडेल एका रात्रीत बदललं की तुमची जुनी चाचणी निरुपयोगी ठरते आणि तुम्हाला ते तक्रारी आल्यावर कळतं. ‘व्यापारी गुपित’ म्हणून पुरवठादार चाचणीचे निकाल देत नसेल तर तुमच्याच डेटावर चाचणी घेऊ द्यायला सांगा. तेही नाकारलं तर वरच्या पातळीच्या कामासाठी तो पुरवठादार बाद.

अपील आणि निवृत्ती

ज्यांच्याबद्दल निर्णय होतो त्यांना कारण कळण्याची आणि माणसाकडे दाद मागण्याची वाट हवी. निर्णयाच्या पत्रातच ती वाट आणि मुदत लिहा. अपिलांचे निकाल दर तिमाहीला संचालक मंडळापुढे ठेवा. अपिलं अजिबात येत नसतील तर खूश होण्याआधी ती वाट लोकांना सापडते का ते स्वतः अर्ज करून बघा.

आराखड्यात नव्या प्रणालींना जागा मिळते, जुन्या बंद करायला मिळत नाही. त्यासाठी प्रत्येक नोंदीला निवृत्तीची तारीख द्या. बंद करताना हे काम पुन्हा हाताने कोण करेल, त्याला ते येतं का, जुन्या निर्णयांच्या नोंदी किती वर्षं ठेवायच्या आणि प्रशिक्षणासाठी घेतलेला वैयक्तिक डेटा कोण पुसणार, हे प्रणाली सुरू करतानाच लिहून ठेवा. बंद करायची वेळ येईपर्यंत तो प्रकल्प उभा करणारी माणसं बहुधा दुसऱ्या कामावर गेलेली असतात.