जाड मोनोस्पेस फाँट आखायचाय? आधी स्मॉल ‘एम’ काढा

मोनोस्पेस म्हणजे प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी, मग तो आय असो की डब्ल्यू. सॅन्स-सेरिफ म्हणजे टोकांना आडव्या शेपट्या नाहीत. एवढं तुम्हाला माहीत आहे आणि फाँटफोर्ज किंवा ग्लिफ्स ही फाँट काढायची सॉफ्टवेअरं वापरता येतात, असं धरून चालतो.

आधी रुंदी ठरवा. उभी जागा सहसा १००० एककांची असते. रुंदी ६०० घ्या. कुरिअरचीही तेवढीच आहे. १२ पॉइंटला अशा एका अक्षराला ७.२ पॉइंट जागा लागते, म्हणजे एका इंचात बरोबर १० अक्षरं, टाइपरायटरचं जुनं माप. बोल्डची रुंदीही ६००च. कमीजास्त रुंदीच्या साध्या फाँटमध्ये बोल्ड थोडा पसरला तर बिघडत नाही. इथे कोडमधला एक शब्द जाड केला की पुढचे सगळे रकाने सरकतील.

मापापुरते एन आणि ओ काढा, उभा दांडा १३० एककांचा ठेवा. यात अवघड काही नाही.

आता स्मॉल एम. ‘रेग्युलर तयार आहे ना, मग सगळ्या रेषा एकदम फुगवा, झाला बोल्ड’ हा सल्ला देणाऱ्याने आयुष्यात एम काढलेला नसतो. मी तो ऐकला होता. भवानी पेठेतल्या एका किराणा दुकानासाठी वजनाची लेबलं करायची होती. पडद्यावर झकास दिसत होती. उष्णतेने छापणाऱ्या थर्मल प्रिंटरच्या रोलवर पहिलं लेबल आलं तेव्हा दुकानदार काका चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “अहो, हे पाचशे काय? जीच्या पुढे काजळ सांडलंय.” ‘५०० जीएम’, म्हणजे ग्रॅम, यातला एम पार भरून गेला होता. ४०० लेबलं माझ्या खिशातून गेली.

हिशोब करून बघा. एमला तीन दांडे. १३० त्रिक ३९०. दोन्ही बाजूंना ३०-३० मोकळे सोडले की ४५०. उरले १५०, म्हणजे दांड्यांमधल्या दोन पोकळ्यांना ७५-७५. साधा थर्मल प्रिंटर एका मिलिमीटरला ८ ठिपके टाकतो. ८ पॉइंटच्या अक्षरात ७५ एकक म्हणजे पुरते दोन ठिपकेही नाहीत, आणि उष्णता थोडी पसरतेच. मग काजळ नाही तर काय सांडणार?

तेव्हा एमपुरता वजनाचा, म्हणजे दांड्यांच्या जाडीचा, हट्ट सोडा. बाहेरचे दांडे १०८, मधला ९६. बेरीज ३१२. पोकळ्यांना आता ११४-११४ मिळतात, तेवढ्यातच अडीच ठिपके बसतात. १३०च्या एनशेजारी १०८चा एम किडकिडीत दिसेल ही भीती मलाही होती. दिसत नाही. तीन दांडे दाटीने उभे असले की डोळ्याला काळेपणा आपोआप जास्त भासतो. तिथे १३० ठेवलेत तर ओळीत एमच ठिगळासारखा उठून दिसेल. मधला दांडा खाली थोडा आखूड करा, पांढऱ्याला श्वास घ्यायला वाट मिळते. कमान दांड्याला मिळते त्या कोपऱ्यात छोटी खाच मारा. मोठ्या आकारात ती खाच कुणीतरी ‘चूक’ म्हणून दाखवेल. दाखवू द्या.

म्हणूनच एम सुरुवातीला काढायचा. तो बसला की बाकीच्या अक्षरांचं वजन त्याच्यावरून ठरतं. आधी ए ते एल काढून एमपाशी आलात, तर मागची बारा अक्षरं परत उघडावी लागतात. डब्ल्यूलाही हेच औषध, फक्त मधलं शिखर बुटकं ठेवा. ईमध्ये ही दाटी आडवी असते: तीन आडव्या रेषा एकावर एक. त्या उभ्या दांड्याएवढ्या जाड केल्यात तर ईचा डोळा मिटलाच. १०० पुरे.

आय आणि एलचं दुखणं उलटं, जागा ओसंडून वाहते. आयला खाली आडवी पट्टी द्या, एलची शेपटी उजवीकडे वळवा. शून्याच्या पोटात ठिपका टाका, नाहीतर ओ आणि शून्य सारखेच दिसतील. बोल्डमध्ये तिरपी रेघ मात्र नको, पोट भरतं.

मराठीचं काय, असं हमखास विचारतात. आकडे जरूर सारख्या रुंदीचे करा. १ आणि ५ एका मापात आले की दरपत्रकातले रुपये सरळ एकाखाली एक बसतात. अक्षरं मात्र करू नका. र आणि ख एका डब्यात कोंबले की र ताणला जातो, ख चिरडला जातो आणि शिरोरेषा उगाच लांबते. मराठी टाइपरायटरवर काही मात्रांच्या कळा दाबल्या तरी गाडी पुढे सरकत नसे. ती यंत्राची मजबुरी होती. ती फॅशन म्हणून परत आणणाऱ्यांना माझा दुरूनच नमस्कार.

फाँट बाहेर काढताना ‘फिक्स्ड पिच’ची खूण लावा, नाहीतर काही टर्मिनलांच्या (आज्ञा टाइप करायच्या खिडक्यांच्या) फाँटयादीत तो दिसतच नाही.

तपासणी पडद्यावर मोठं करून करू नका. ८ पॉइंटला, स्वस्तातल्या रोलवर, ‘५०० जीएम’ रोमनमध्ये छापा. मी अजून त्याच दुकानात जातो आणि काकांना चष्मा काढूनच वाचायला लावतो.